एका हंगामाची साक्ष

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळात हंगामाचा शेवटचा सामना संपला की तक्त्यांची रांग समोर येते. आपला संघ कितवा आला, किती गोल केले, किती स्वीकारले, सर्वाधिक गोल कोणाचे, असिस्ट कोणाचे, वर्षभराचे सरासरी गुणांकन कोणाचे किती. या तक्त्यांसमोर बसून मॅनेजरला पुढच्या वर्षाचे निर्णय घ्यायचे असतात. कोणाला ठेवायचे, कोणाला विकायचे, कोणाचा करार वाढवायचा, संघाची मांडणी बदलायची की तीच चालू ठेवायची. पुढची प्रकरणे या एका बैठकीबद्दल आहेत. संघाचे भवितव्य वर्षभरातल्या कुठल्याही सामन्यापेक्षा याच बैठकीत जास्त ठरते, आणि बहुतेक जण ती पाच मिनिटांत उरकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खऱ्या फुटबॉलमध्ये खेळाडू नेमका किती चांगला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. प्रशिक्षक, निवडकर्ते, पत्रकार, प्रेक्षक असे सगळे जण त्याच्या कामगिरीवरून अंदाज बांधत असतात, आणि तो अंदाज बरोबर होता का हे पडताळायला दुसरी जागा नसते. संगणकातल्या खेळाडूची क्षमता मात्र आधीच आकड्यांत लिहून ठेवलेली असते. गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरे छापलेली असतात, तशी. हंगामाची आकडेवारी पाहून आपण निष्कर्ष काढायचा, मग मागचे पान उघडून तो तपासायचा. आकडेवारी किती खरे सांगते आणि किती फसवते हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. म्हणूनच हा विषय गांभीर्याने हाताळण्याजोगा आहे, असे मी मानतो.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आकडे त्याच्या पोटात पहिल्यापासून कसे आहेत हे त्यातून दिसते. 1982 मध्ये केविन टॉम्स यांचा ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ त्या काळच्या छोट्या घरगुती संगणकांवर आला. संघ निवडायचा, खेळाडूंची खरेदी-विक्री करायची आणि निकालाची वाट पाहायची, एवढाच त्याचा व्याप. त्याच दशकात इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात पॉल आणि ऑलिव्हर कोलियर हे दोघे भाऊ घरी बसून असाच, पण बराच खोल खेळ लिहू लागले. तो 1992 मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने बाजारात आला. पहिल्या आवृत्तीतली खेळाडूंची नावे काल्पनिक होती. खरी नावे पुढच्या आवृत्तीत आली. पुढे कोलियर बंधूंच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीची प्रकाशकांशी फारकत झाली. जुने नाव प्रकाशकांकडे राहिले, खेळाचा गाभा बंधूंकडे आला, आणि 2004 च्या अखेरीस तो सेगामार्फत ‘फुटबॉल मॅनेजर 2005’ म्हणून पुन्हा अवतरला. टॉम्स यांच्या खेळाशी त्याचे नाते फक्त नावापुरते.

पहिली दहा-अकरा वर्षे या मालिकेत सामना दिसायचाच नाही. पडद्यावर समालोचनाच्या ओळी सरकत, एखादी ओळ लुकलुकली की छातीत धडधड होई. मैदानावरचे ठिपके 2003 साली आले, चालते-फिरते त्रिमितीय खेळाडू त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. चित्र नव्हते तेव्हाही सामना होता, कारण सामना आकड्यांतच घडत होता. आजही तसाच घडतो.

आज त्या आकड्यांची रचना अशी आहे. गोलरक्षक सोडून इतर प्रत्येक खेळाडूचे 36 गुण आपल्याला दिसतात. पास, टॅकल, हेडिंग, फिनिशिंग यांसारखे तंत्राचे. निर्णयक्षमता, धैर्य, एकाग्रता यांसारखे मनाचे. वेग, ताकद, दमसास यांसारखे शरीराचे. प्रत्येक गुण 1 ते 20 या पट्टीवर. त्यांच्या मागे, पडद्याआड, दोन मोठे आकडे असतात: सध्याची क्षमता आणि संभाव्य क्षमता. त्यांची पट्टी 200 पर्यंत जाते. शिवाय काही गुण जाणूनबुजून लपवलेले आहेत. खेळाडूचे सातत्य, मोठ्या सामन्यांत त्याचे काय होते, दुखापतीकडे त्याचा कल किती. मॅनेजरला हे कळतात ते शोधपथकाच्या अहवालातून, अर्धेमुर्धे आणि मोघम शब्दांत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इतके सगळे आकडे ठरलेले असूनही हंगामाचा निकाल ठरलेला नसतो. सामना सुरू झाला की प्रत्येक पास, प्रत्येक टॅकल, प्रत्येक फटका संभाव्यतेवर सोडलेला असतो. 20 पैकी 17 फिनिशिंग असलेला खेळाडू रिकाम्या जाळ्यासमोर चेंडू बाहेर मारू शकतो. मारणारच; वर्षातून एकदा तरी. तेव्हा हंगामाअखेरचा प्रत्येक आकडा दोन गोष्टींचे मिश्रण असतो, क्षमतेचे आणि योगायोगाचे. किती भाग कशाचा हे ओळखता येणे म्हणजेच आढावा घेता येणे.

योगायोगाचा वाटा किती मोठा असतो याची बहुतेकांना कल्पना नसते. एक साधे गणित करून पाहू. गोलांची मोजदाद करण्यासाठी संख्याशास्त्रात प्वासाँचे वितरण फार पूर्वीपासून वापरले जाते. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी 1997 मध्ये इंग्लिश सामन्यांसाठी मांडलेले प्रतिमानही त्याच पायावर उभे आहे. समजा एका संघाकडून सामन्यात सरासरी दीड गोल अपेक्षित आहेत आणि प्रतिस्पर्ध्याकडून एक. अर्ध्या गोलाचा हा फरक फुटबॉलमध्ये लहान नाही. तरी या गणिताप्रमाणे बलवान संघ 100 पैकी सुमारे 49 सामने जिंकेल, 26 बरोबरीत सुटतील आणि 25 तो हरेल. म्हणजे स्पष्टपणे चांगला असलेला संघ निम्म्याहून कमी वेळा जिंकतो.

हेच आता हंगामाला लावू. दर सामन्यात जिंकण्याची शक्यता 45 टक्के, बरोबरीची 27 आणि हरण्याची 28, असा एक संघ धरा. 38 सामन्यांत त्याचे सरासरी साडेएकसष्ट गुण होतील. पण हाच संघ, याच क्षमतेने, तोच हंगाम पुन्हा पुन्हा खेळला तर तीनपैकी साधारण दोन वेळा त्याचे गुण 54 ते 70 च्या दरम्यान येतील, आणि उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर. 54 गुणांवर मॅनेजरची खुर्ची डळमळते, 70 गुणांवर त्याचा जयजयकार होतो. मध्ये बदलले काय? काहीच नाही. खेळाडू तेच, डावपेच तेच, सरावही तोच. हे वाक्य वाचून ज्यांना राग येतो त्यांना मी समजू शकतो, कारण घाम गाळून मिळवलेल्या 70 गुणांना कोणी नशीब म्हटलेले कुणालाच आवडत नाही. मी त्यांना नशीब म्हणत नाही. एका हंगामाची साक्ष तेवढ्यावर निकाल देण्याइतकी बळकट नसते, इतकेच माझे म्हणणे आहे.

खऱ्या फुटबॉलमधले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. 2015-16 मध्ये लेस्टर सिटीने इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली. हंगामापूर्वी सट्टेबाजांनी त्यांच्या विजेतेपदाला एकास पाच हजारांचा भाव दिला होता. 38 सामन्यांत 23 विजय, 12 बरोबरी, 3 पराभव, 81 गुण. दुसऱ्या आलेल्या आर्सेनलपेक्षा 10 जास्त. जेमी वार्डीचे 24 गोल, रियाद महरेझचे 17. पुढच्या हंगामात तोच संघ 44 गुणांसह बारावा आला. वार्डी 13 गोलांवर, महरेझ 6 वर. ज्यांच्या हाताखाली विजेतेपद मिळाले त्या क्लॉडियो रानिएरी यांना फेब्रुवारी 2017 मध्ये दूर करण्यात आले. मधल्या उन्हाळ्यात लेस्टरचा एन्गोलो कान्टे चेल्सीला गेला होता, आणि चेल्सी 93 गुणांनी विजेती ठरली.

यावरून काय म्हणायचे? कान्टे गेल्यामुळे लेस्टर कोसळले, असे एक उत्तर. पहिला हंगामच क्षमतेपेक्षा खूप वर गेला होता आणि दुसऱ्यात संघ आपल्या जागी परतला, हे दुसरे. चॅम्पियन्स लीगचा जादा भार पेलला नाही, हे तिसरे. तिन्हींत तथ्य असावे. पण कोणाचा वाटा किती हे खऱ्या जगात कधीच सिद्ध होणार नाही, कारण 2016-17 चा हंगाम एकदाच झाला. कान्टेला ठेवून तो पुन्हा खेळवता येत नाही. संगणकात येतो. हंगामाच्या आरंभीची फाइल जपून ठेवायची, मॅनेजरला सुट्टीवर पाठवायचे (खेळात तशी सोयच आहे, सहप्रशिक्षक सगळे सांभाळतो), आणि हंगाम संपल्यावर आकडे उतरवून पुन्हा आरंभापासून सुरुवात. कान्टेसह वीस वेळा, कान्टेविना वीस वेळा. डावपेचांची खरी पारख करू पाहणारी मंडळी अशीच एकच मांडणी अनेक हंगाम चालवून बघतात. अणुबॉम्बच्या संशोधनात गुंतलेल्या स्टानिस्लाव उलाम यांना 1946 मध्ये पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव लावताना सुचलेली युक्ती मुळात हीच: शक्यता कागदावर मोजता येत नसेल तर डाव अनेकदा लावा आणि किती वेळा लागतो ते मोजा.

हंगाम लहान असेल तर योगायोगाचा हात आणखी लांब पोहोचतो. इंडियन सुपर लीगच्या 2020-21 च्या हंगामात प्रत्येक संघाने साखळीत 20 सामने खेळले. करोनामुळे सगळे गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. साखळी संपली तेव्हा मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोघांचे 40 गुण होते. दोघांचेही 12 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव. आपसातले दोन्ही सामने जिंकल्यामुळे अव्वल स्थान मुंबईला मिळाले, आणि फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यातही मुंबईने 2-1 अशी सरशी केली, तीही बिपिन सिंगच्या अगदी शेवटच्या क्षणी आलेल्या गोलाने. मुंबईकरांच्या आनंदात मीही सामील आहे. सर्जियो लोबेरा यांचा तो संघ देखणा खेळत होता आणि त्याने 20 सामन्यांत 35 गोल केले, बागानने 28. पण 20 सामन्यांच्या तक्त्यावरून या दोन संघांत श्रेष्ठ कोण हे सांगा म्हटले, तर प्रामाणिक उत्तर ‘थोडी झुकती बाजू मुंबईची’ एवढेच असू शकते.

आकडे नीट गोळा करूनही वाचताना चूक कशी होते याचा सगळ्यात मोठा धडा फुटबॉलमध्ये चार्ल्स रीप यांच्या कामात आहे. रीप हे ब्रिटिश हवाई दलातले अधिकारी. 1950 च्या मार्चमध्ये स्विंडनचा एक सामना बघताना, उत्तरार्धात त्यांनी वहीत प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशके ती सोडली नाही. 1968 मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यांनी या नोंदींवर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात, असे त्यांच्या नोंदी सांगत होत्या. ते खरेच होते. त्यावरून रीप यांनी काढलेला अर्थ असा की चेंडू लवकरात लवकर पुढे फेकावा, आणि इंग्लिश फुटबॉलमधल्या अनेकांनी तो शिरोधार्य मानला. पण मुळात बहुतेक चढायाच तीन पासांच्या आत संपतात. गोल झालेल्या चढाया मोजताना न झालेल्याही मोजायला हव्यात. लांब चढाया संख्येने कमी असतात, पण त्यांची गोलात रूपांतर होण्याची सरासरी जास्त भरते, हे नंतरच्या अभ्यासकांनी त्याच प्रकारच्या नोंदींतून दाखवले. संगणकातल्या हंगामाचा आढावा घेताना ‘आपले बहुतेक गोल उजव्या बाजूच्या क्रॉसवरून आले’ असे वाक्य मनात आले की रीप यांची वही आठवावी. उजवीकडून क्रॉस किती मारले होते?

खेळाडूंच्या कामगिरीकडे वळताना सर्वांत आधी बघायचा स्तंभ गोलांचा नव्हे, मिनिटांचा. तक्त्यात नावापुढे ‘28 (6)’ असे लिहिलेले दिसते. म्हणजे 28 सामन्यांत सुरुवातीपासून आणि 6 वेळा बदली म्हणून. त्या सहा वेळा तो शेवटची दहा मिनिटे आला की उत्तरार्ध पूर्ण खेळला, हे या खुणेतून कळत नाही. म्हणून गोल असोत, संधी असोत वा चेंडू हिसकावणे असो, सगळे दर 90 मिनिटांमागे मोजावे. 34 सामन्यांत 12 गोल करणारा आणि 14 सामन्यांइतक्या मिनिटांत 8 गोल करणारा यांच्यात दुसरा खाली दिसतो, पण त्याचा वेग दीडपटीहून जास्त असतो. त्याचवेळी हेही ध्यानात ठेवावे की 8 हा आकडा फार छोटा आहे. त्यावर कोट्यवधींचा करार करू नये.

दुसरी गाळणी पेनल्टीची. पेनल्टीवर गोल होण्याची शक्यता पाऊण भागापेक्षा थोडी अधिक असते. एखाद्याच्या 20 गोलांपैकी 6 पेनल्टीचे असतील तर ते ठिपक्यावर उभे राहण्याचा मान कोणाला दिला याबद्दल जास्त सांगतात. तिसरी गाळणी अपेक्षित गोलांची, म्हणजे एक्सजीची. प्रत्येक फटक्याची जागा, कोन, परिस्थिती पाहून तो गोल होण्याची शक्यता मोजायची आणि वर्षभराची बेरीज करायची. या मालिकेत ती 2021 च्या आवृत्तीपासून मिळते आणि तेव्हापासून आढाव्याचा दर्जाच पालटला. समजा एखाद्या आघाडीपटूची अपेक्षित बेरीज 20 आहे. नुसत्या योगायोगानेही त्याचे प्रत्यक्ष गोल तीनांतून दोन वेळा 16 ते 24 च्या पट्ट्यात राहतील आणि तिसऱ्या वेळी बाहेर जातील. यंदा 25 मारणाऱ्याला विकत घेऊन पुढच्या वर्षी त्याने 17 मारले, म्हणून त्याला ‘संपला’ ठरवणारे मॅनेजर या खेळात खूप आहेत. खेळाडू बदललेला नसतो. त्याला संधी तितक्याच मिळत आहेत का, हे पाहायचे असते.

सरासरी गुणांकनाबद्दल माझे मत कडक आहे. सामन्यागणिक दहापैकी मिळणारा हा आकडा सर्वांत जास्त पाहिला जातो आणि सर्वांत कमी समजून घेतला जातो. गोल केला की तो उडी मारतो, असिस्टनेही वाढतो. त्यामुळे आघाडीपटू आणि क्रॉस मारणारे बाजूचे बचावपटू वर जातात, तर दोन बचावपटूंच्या पुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याची वाट नुसत्या उभे राहण्याने अडवणारा मधल्या फळीतला खेळाडू वर्षभर खालीच राहतो. त्याने जे घडू दिले नाही त्याची नोंद कुठेच होत नाही. असा खेळाडू 6.8 च्या सरासरीवर विकला जातो आणि पुढच्या हंगामात संघ दहा-पंधरा गोल जास्त स्वीकारतो. मग दोष गोलरक्षकाला लागतो. एका जागेवरच्या खेळाडूची तुलना त्याच जागेवरच्या, त्याच लीगमधल्या खेळाडूशी करावी. तो मैदानात असताना आणि नसताना संघाने किती संधी दिल्या हेही जोडीला मांडावे. तुलनेला तीनच सामने मिळत असतील तर गप्प बसावे.

सरासरीमागे लपलेले सातत्यही शोधावे लागते. वर्षभर 7 च्या आसपास राहणारा आणि एकदा 9, एकदा 5 असा हेलकावणारा, दोघांची सरासरी सारखीच येईल. लपवलेल्या सातत्याच्या आकड्याचा माग फक्त सामन्यागणिक गुणांकने समोर ठेवली तरच लागतो, आणि तो लावण्यात मला या सबंध आढाव्यातला सर्वांत मोठा आनंद मिळतो.

यातले काहीही लागू पडायचे तर एक अट पाळावी लागते. हरलेला सामना जुनी फाइल उघडून पुन्हा खेळला असेल तर त्या हंगामाचा आढावा घेण्यात अर्थ नाही. असे करणाऱ्याला मी दोष देत नाही, ज्याचा त्याचा खेळ. पण पराभव गाळून उरलेले निकाल म्हणजे निवडून ठेवलेले निकाल, आणि त्यांची सरासरी कशाचीच सरासरी नसते.

शेवटी मागच्या पानावरच्या उत्तरांबद्दल. ती माणसांनी लिहिलेली आहेत. देशोदेशीचे शेकडो निरीक्षक सामने पाहून खेळाडूंचे गुण भरतात, आणि ते काम इतके चांगले होते की 2008 मध्ये एव्हर्टनने खेळाडूंच्या शोधासाठी हा साठा वापरण्याचा करार केला. पण 2001-02 च्या आवृत्तीत मिलवॉलचा कोवळा चेर्नो सांबा जगातला एक सर्वोत्तम आघाडीपटू होत असे. प्रत्यक्षातली त्याची कारकीर्द खालच्या लीगांत आणि छोट्या क्लबांत गेली. त्याच आवृत्तीत पोर्तुगालच्या एका लहान क्लबातला टो मदेरा गोलांचा पाऊस पाडायचा, आणि असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. पोर्तुगालच्या निरीक्षकाने तो साठ्यात घातला होता. लाखो लोकांनी त्याच्या हंगामाचे आढावे घेतले, आणि ते आढावे खेळाच्या आत अगदी बरोबर होते.

म्हणून संगणकातल्या हंगामावरून खऱ्या माणसाबद्दल मत बनवताना फार जपावे. ज्या लीगचे सामने जगभर दाखवले जातात तिथल्या खेळाडूचे आकडे अनेक डोळ्यांखालून जातात. भारतातली लीगही या खेळात निवडता येते, पण तिथे तेच काम मोजक्या लोकांवर पडते. कोल्हापूरच्या तालमींच्या संघांतून किंवा गोव्याच्या क्लबांतून वर आलेल्या एखाद्या मुलाला ‘वेग 11, निर्णयक्षमता 9’ असे गुण मिळतात तेव्हा ते कोणीतरी चार-सहा सामने पाहून ठरवलेले असू शकतात. त्याने संगणकात 30 सामन्यांत 4 गोल केले तर तपासणी निरीक्षकाच्या अंदाजाची झाली, त्या मुलाची नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीत महिलांच्या लीग पहिल्यांदाच दाखल झाल्या आहेत. तिथे जुन्या नोंदी आणखी विरळ आहेत, पुष्कळ आकडे पहिल्यांदाच भरले गेले आहेत आणि येत्या आवृत्त्यांत ते बदलत राहणार आहेत. पुढच्या प्रकरणांत म्हणूनच प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर आवृत्तीचे वर्ष आणि हंगाम किती वेळा चालवला ते नोंदवले आहे. वाचकांनी स्वतःच्या संघाच्या वह्या मांडताना या दोन नोंदी आधी कराव्यात, मग गोलांकडे वळावे.